ओंजळभर कोंडा

अंगणात कुणाचं तरी मूल रडलं आणि मी हातातला बटाटा नि सुरी तशीच टाकून आतल्या खोलीकडे धावले. धावताना मला चक्क आनंद झाला होता. दारापर्यंत पोचायच्या आतच लक्षात आलं, हे रडणं माझ्या घरातलं असूच शकत नाही. मीरिम गालिच्यावर बसली होती. तिच्यापुढे लाकडी रिळांचा मनोरा होता. माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातली रिळं, आता तशी कुठे मिळत नाहीत. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रीळ उचललं. गळ्यातल्या नळीतून श्वासाची बारीक खरखर येत होती, तेवढीच. मी चौकटीला धरून उभी राहिले. बाहेर ते दुसऱ्याचं मूल अजून भोकाड पसरून रडत होतं. त्याची आई कुठे उलथली आहे कोण जाणे, असं मनात आलं, आणि लगेच त्या बाईचा हेवा वाटला. मुलाकडे पाठ करून ती कुणाशी तरी गप्पा मारत असणार. मूल रडतंय म्हणजे श्वास घेतंय, हे तिला आयुष्यात कधी सुचलंही नसेल.

मीरिमचा आवाज गेला त्याला एक हिवाळा लोटला. म्हणजे गेला असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. त्या म्हणतात, आवाज आहे, तिथंच आहे, पण हवा तिथपर्यंत पोचत नाही, खालच्या खाली वळते. न्यूमोनियात तिला फार दिवस मशीनवर ठेवावं लागलं. मशीन सुटलं तेव्हा श्वासनलिका आतून आखडून बसली होती. मग गळ्याला भोक पाडून ही नळी घातली. मोठी झाली की काढता येईल का, असं मी विचारलं तर त्या ‘बघू’ म्हणाल्या, आणि तेव्हापासून तो शब्द कुणी उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याआधी मीरिम चांगली बोलायला लागली होती. सगळ्यात लाडका शब्द ‘नको’. लापशी नको, टोपी नको, बाबा नको, झोप तर नकोच नको. मी वैतागून म्हणायचे, ही पोरगी नकाराचं दुकान काढणार आहे. आता तिला नको असलं की ती तोंड उघडते, ओठांचा चंबू करते, चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि खोलीत काहीही ऐकू येत नाही. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा कढईत कांदा परतत होते. सहज मागे वळले. ती किती वेळ तशी रडत होती, मला आजही माहीत नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे पाठ केलेली नाही.

एखादी वस्तू आणायला जाते तेवढा वेळ सोडला तर हे शब्दशः खरं आहे. मी तिरकी उभी राहून भांडी घासते, मान वळवून कांदा चिरते आणि बोटं कापून घेते, दार सताड उघडं टाकून अंघोळ करते. झोपताना तळहात तिच्या छातीवर असतो. झोपेत तो घसरला की मी दचकून उठते. कान निकामी झाल्यासारखे झालेत आणि मी सगळीच्या सगळी एक डोळा होऊन बसले आहे. आणि या डोळ्याला दिसतं तरी काय, तर जगात किती बारीक बारीक गोष्टी उडत असतात ते. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगते. समोरची बाई अंगणातल्या लोखंडी चौकटीवर गालिचा टाकून बडवते, तो ढग आमच्या खिडकीकडे येतो. माझं शिवणाचं मशीन मी चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ढकललं, कारण कापडाचा तंतू उडतो. बाजारातल्या मालकिणीनं दोनदा निरोप धाडला की उन्हाळी झग्यांचा माल पडून आहे, बुरूलला म्हणावं येतेस की दुसरी बघू. पुन्हा तेच ‘बघू’. आणि आता वसंत सरत आला तशी पॉपलरच्या झाडांची कापसासारखी म्हातारी सुटली आहे. इथं बिश्केकमध्ये लहानपणी आम्ही तिची वाट पाहायचो, रस्त्याकडेला साचलेल्या ढिगांना काडी लावून पळायचो. भर उन्हात पडणारा बर्फ, असं कवी लोक म्हणतात. मी मात्र तो बर्फ दिसला की आधी तिच्या नळीकडे पाहते. एक एक पीस कसं सावकाश, कुणी बोलावल्यासारखं, बरोबर तिच्या गळ्याच्या उंचीवरून जातं. मी खिडक्यांच्या दुहेरी काचा बंद केल्या, फटींत कापूस कोंबला आणि आत उकडत बसलो.

इस्पितळातल्या नर्सनं मला सगळं शिकवलं होतं. कफ साठला की नळीतून बुडबुड ऐकू येते, नाकपुड्या फुलतात, मानेखालची खळगी आत ओढली जाते. मग मशीन लावायचं, बारीक रबरी नळी गळ्यातल्या नळीत घालायची, कफ ओढायचा, बाहेर काढायची. ती आत असते तेवढा वेळ पोरीला श्वास नसतो. पहिल्यांदा नळी माझ्या हातात दिली तेव्हा ती नर्स म्हणाली होती, घड्याळाकडे बघू नकोस, आपला श्वास धरून ठेव; तुला हवा हवीशी वाटली की तिलाही हवी, लगेच नळी काढ. तिनं सोपं करून सांगितलं खरं, पण मला वाटतं त्या दिवसापासून मी पुरता श्वास घेतलेलाच नाही. कुबात, माझा नवरा, माझ्याबरोबरच शिकला. तो मिनीबस चालवतो. डोंगरातल्या घाटात बर्फावर गाडी फिरली तेव्हा सगळे प्रवासी कलमा पढायला लागले आणि हा शिट्टी वाजवत होता, असं लोक सांगतात. पण मशीनची घरघर सुरू झाली की त्याचा चेहरा पिठासारखा होतो. एकदा त्यानं नळी हातात घेतली, पोरीनं त्याच्याकडे पाहून तो बिनआवाजाचा ‘नको’ केला, आणि तो नळी ठेवून बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. मी तोवर कफ काढला होता. त्याच्या जागी जायला मला आवडलं असतं, पण दोघांनी बाहेर जाऊन चालणार नव्हतं.

अशात माझ्या सासूबाई, उल्कान आपा, डोंगरातल्या नारिनहून आल्या. बरोबर कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी, लोण्यानं भरलेला मेंढीचा कोठा, आणि धुरी द्यायच्या वाळल्या हरमळची जुडी. मीरिमला त्यांनी इस्पितळात पाहिलंच नव्हतं. तेव्हा घाट बंद होता. दारातच त्या पोरीकडे पाहत राहिल्या. मग डोक्यावरचा रेशमी रुमाल सोडला आणि तिच्या गळ्याभोवती गुंडाळायला लागल्या, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडू नये म्हणून. मी झडप घालून तो ओढून काढला. आपा, ते तिचं नाक आहे, नाक बांधता का कुणी, असं मी म्हणाले. त्या खजील झाल्या. मलाही वाईट वाटलं, कारण बाई मनानं वाईट नाही. दिवसभर त्या पोरीच्या तोंडाकडे पाहत बसायच्या आणि सवयीनं हात तिच्या नाकापुढे धरायच्या, आणि तिथं श्वास लागत नाही म्हणून घाबरायच्या. मी प्रत्येक वेळी त्यांचा हात धरून गळ्यापाशी न्यायचे. इथं, आपा. त्यांच्या बोटांना तो उष्ण वारा लागला की त्या हात चटकन मागे घ्यायच्या.

मग तो हरमळचा दिवस आला. मी कचरा टाकायला अंगणाच्या टोकापर्यंत गेले होते. जाऊन येण्याएवढाच वेळ. परत आले तर जिन्यातच तो कडवट वास. लहानपणापासूनचा, सर्दीपडशाचा, नव्या घराचा, बाळंतिणीच्या खोलीचा, खरं म्हणजे मायेचा वास, आणि मी जिना धावत चढले. आपा तव्यावर हरमळ जाळून पोरीभोवती फिरवत होत्या, ओठांनी पुटपुटत होत्या. बंद खोली, कापूस कोंबलेल्या फटी, निळा धूर. मीरिम खोकत होती, म्हणजे तिचे खांदे उडत होते, आवाज नव्हता. आपांना वाटलं असावं की ती हसते आहे. मी तवा हिसकावून न्हाणीघरात फेकला आणि मशीन लावलं. नळी आत जाईना. कुठेतरी काहीतरी घट्ट अडकलं होतं. दुसऱ्यांदा घातली, तरी जाईना. तिचे ओठ करड्या रंगाचे व्हायला लागले. गळ्यातली नळीच बदलायची वेळ आली होती, आणि ते मी इस्पितळात एकदाच केलं होतं, नर्स पाठीशी उभी असताना. मी फीत कापली, नळी ओढून काढली. क्षणभर माझ्या लेकीच्या गळ्यात फक्त एक भोक होतं आणि ते मिटायला लागलं होतं. नवी नळी हातात होती. तिचं टोक त्या भोकावर टेकवताना मला वाटलं, आपण हे दुसऱ्या कुणालातरी करताना पाहतोय. मग ती आत सरकली, आणि वारा सुटला. जुन्या नळीच्या तोंडाशी मसुराच्या दाण्याएवढी कफाची गुठळी वाळून बसली होती. मी ती आपांच्या पुढ्यात धरली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. आमच्यात सून सासूपुढे आवाज चढवत नाही. मी इतका चढवला की वरच्या मजल्यावरचे पायांचे आवाज थांबले.

आपा त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना त्या एकदम सांगायला लागल्या, माझ्याकडे न पाहता. कुबातच्या आधी त्यांची दोन मुलं गेली होती. हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे जुन्या बायकांपैकी प्रत्येकीची एकदोन गेलेली असतात. ठाऊक नव्हतं ते पुढचं. कुबात जन्मला तो असाच निळसर, किरकिरा. मग त्यांच्या सासूनं तो खिडकीतून हद्दपार होऊन गावात आलेल्या एका जर्मन विधवेला विकला. तिच्याकडे हंस होते. तिनं हंसांपुढचा ओंजळभर कोंडा दिला आणि मूल घेतलं. तिच्या हातचं दूध पिऊन, तिच्या घरात झोपून उठला, मग एक नान देऊन परत विकत आणला. ‘दार मरणाला ठाऊक असतं,’ आपा म्हणाल्या, ‘खिडकी ठाऊक नसते. परक्याचं मूल ते मोजत नाही.’ म्हणून तुम्ही कुबातला साती म्हणता होय, मी विचारलं. सातिलगान, विकलेला. इतकी वर्षं मला ते लाडाचं नाव वाटत होतं. माझा नवरा हंसांच्या कोंड्याच्या मोलाचा आहे हे ऐकून एरवी मी महिनाभर त्याला छळलं असतं.

पण आपांच्या मनात काय आहे ते मला कळलं आणि मी आधीच नाही म्हणून टाकलं. विकलेल्या मुलाच्या आईनं त्या घरात पाऊल टाकायचं नसतं. मूल परक्या हातचं जेवेपर्यंत, झोपून उठेपर्यंत. म्हणजे एखादी दुपार. कफ एखाद्या दुपारची वाट पाहत बसत नाही, मी म्हणाले. तुमच्या वेळचं मूल निदान रडून सांगत होतं. आपांनी पेला खाली ठेवला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. ‘उद्या रस्त्यात तुला गाडीनं उडवलं, तर हिचं कोण करणार?’ हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की मी रस्ता ओलांडणंच सोडून दिलं होतं. चौकातल्या दुकानात जायचं तर सिग्नलशी उभी राहायचे, हिरवा होऊनही उभीच, आणि मग परत फिरायचे. छातीत जरा दुखलं की वाटायचं, झालं. मला स्वतःच्या मरणाची भीती कधीच नव्हती, आणि आता ती सकाळी उठल्यापासून माझ्याबरोबर दात घासते. मी मेले तर कुबात बाहेर जाऊन उभा राहील, आपा तिच्या नाकापुढे हात धरतील, आणि मीरिम त्या दोघांच्या देखत, एकही आवाज न करता मरेल. हे मी आपांना सांगितलं, सगळं, रडत. त्या म्हणाल्या, मग शिकव कुणालातरी. विकायचंच आहे तर जाणकार गिऱ्हाइकाला वीक.

गिऱ्हाईक शेजारच्या जिन्यातलीच निघाली. खालिचा एजे, सगळं अंगण तिला एजे म्हणजे ताई म्हणतं. दुंगान आहे, म्हणजे मूळची चिनी मुसलमान, बाजारात थंड शेवया विकते, पाच पोरं वाढवून मोकळी झाली, आणि बोलते अशी की समोरच्या इमारतीतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावं. परक्या जातीची, भरल्या घराची, शिवाय तिची तळमजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी अंगणावर: आपांना ती एका नजरेत पसंत पडली. खालिचा एजे मात्र टरकली. म्हणाली, ‘अगं, पाच वाढवली, पण एकाच्याही गळ्यात बोट घातलं नाही, आणि एकदोघांचा गळा दाबावासा वाटला होता हो.’ तरी रोज बाजारातून आली की यायची. मी तिला कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे, कारण त्या हातांना व्हिनेगर आणि लाल मिरचीचा वास असायचा. ती धुवायची आणि माझ्या नर्सगिरीची टिंगल करायची. आधी नुसतं पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवून. मग तिचा हात वर, माझा खाली. श्वास धरून ठेव, मी सांगितलं. तर ही बाई बुडी मारायला निघाल्यासारखी गाल फुगवायची, डोळे बाहेर, चेहरा जांभळा. ‘आधी माझा जीव जाईल, मग हिचा कफ निघेल,’ नळी काढल्यावर धापा टाकत म्हणायची. मीरिमला ते फुगलेले गाल फार आवडले. ती खांदे उडवत हसायची. शेवटी एक दिवस मी हात काढून घेतला आणि खालिचा एजेनं एकटीनं केलं. मी तिथंच उभी होते, हाताच्या अंतरावर, तरी माझ्या पाठीवरून घामाची धार गेली.

विक्रीच्या दिवशी हवेत इतकी म्हातारी होती की अंगणाच्या कडेनं पांढऱ्या लडी पडल्या होत्या. मशीन, नळ्या, फिती, सगळं मी सकाळीच एजेकडे पोचवलं होतं. नळीवर पातळ ओलं फडकं धरून मीरिमला घेऊन मी तिच्या खिडकीखाली उभी राहिले. आपा माझ्या शेजारी. कुबातही गाडी लावून आला होता, जरा लांब, गालिचे बडवायच्या चौकटीला टेकून. खालिचा एजेनं खिडकी उघडली आणि आपांनी पढवलेलं विचारलं, काय विकायला आणलंय. मी म्हणायचं होतं, टाकाऊ पोर आहे, आम्हाला नको. आपांनी मला ते दहा वेळा समजावलं होतं: ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे. माझं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. क्षणभर मी माझ्या लेकीसारखी झाले. मीरिमचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, केसांना गरम भाकरीसारखा वास येत होता. आपांनी मला कोपरखळी मारली. ‘आम्हाला नको,’ मी म्हणाले. मीरिमनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचा शब्द होता तो, ओळखीचा. खालिचा एजेनं माझ्या झग्याच्या ओच्यात ओंजळभर कोंडा टाकला, पोरीला काखांत धरून आत घेतलं, आणि म्हातारी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या दोन्ही काचा लावून घेतल्या.

माझे हात हलके झाले होते आणि तो हलकेपणा मला सोसत नव्हता. आपांनी माझं मनगट धरलं होतं. बघायला मनाई नाही, त्या म्हणाल्या, पाऊल टाकायला आहे. मी बघत होते. काचेच्या आड खालिचा एजेनं मीरिमला उंच खुर्चीत बसवलं, पुढ्यात पत्र्याचा वाडगा ठेवला, चमच्यानं शेवयांचं पाणी भरवलं. पोरगी चक्क खात होती. मग एजे चुलीकडे वळली. तिनं पाठ केली. मी तिला सगळं शिकवलं होतं, पण पाठ करू नकोस हे सांगायला विसरले होते. ते सांगायची गोष्ट आहे हे मला सुचलंच नव्हतं. एजे झाकण उचलून काहीतरी ढवळत होती, बहुधा मोठ्यानं बोलतही होती, आणि तिच्यामागे मीरिमचा चमचा थांबला. तिची मान ताठ झाली. नाकपुड्या फुलल्या. मला ते इतक्या लांबून, दोन काचांमधून दिसलं, कारण मला जगात दुसरं काही दिसतच नाही. तिनं तोंड उघडलं. ओठांचा चंबू झाला. ती रडत होती. चुलीपुढची पाठ हलत नव्हती.

मी ओरडले. अंगण ऐकेल एवढं, पण दोन काचांपलीकडे ते पोचलं नाही. पोचतही कसं, तिच्या चुलीवरचा पंखा घोंगावत होता. आपांची बोटं माझ्या मनगटात रुतली. पाऊल टाकलंस तर विक्री मोडली, त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज फाटला होता. मोडू दे, मी म्हणाले, हिसका दिला, ओच्यातला कोंडा सांडला. मी दोन पावलं धावले असेन. कुबात चौकटीपासून सुटून माझ्या पुढे गेला होता, जिन्याकडे, धावत. आणि मग काचेआड मीरिमचा हात वर गेला. हातात चमचा होता. तो वाडग्यावर आदळला. पुन्हा वर गेला, पुन्हा आदळला. मला काही ऐकू आलं नाही, फक्त तो लहानसा हात वरखाली होताना दिसला, रागानं, नेमानं. खालिचा एजे गर्रकन वळली. तिनं पळी टाकून दिली. पुढचं सगळं मी शिकवलं होतं तसंच झालं: हात धुतले, मशीन, नळी. आणि तिचे गाल फुगले. मीही श्वास धरला. जिन्याच्या तोंडाशी कुबात थबकला होता, तोही काचेकडे पाहत होता, आणि त्याचेही गाल फुगलेले होते. किती वेळ, मी मोजलं नाही. माझ्या छातीला हवा हवीशी वाटायला लागली त्याच क्षणी एजेचा हात मागे आला आणि तिनं भस्सकन श्वास सोडला. मी तिथंच, सांडलेल्या कोंड्यात, म्हातारीच्या पांढऱ्या लडीत, बसकण मारली.

मीरिम तिथं झोपली, उठली. एजेनं तिला खिडकीतूनच परत दिली, बदल्यात आपांनी केलेला नान घेतला आणि महागात पडलं म्हणून कुरकुर केली. घरी आणताना कुबातनं मुलीला उचललं. तो मला म्हणाला, संध्याकाळचं मशीन मी लावतो, तू फक्त खोलीत थांब. मी बरं म्हणाले. आपा तिला आता सातिलगान म्हणतात आणि मरण त्या नावाला फसलं असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मरण फसलंबिसलं नाही, ते इथंच अंगणात कुठेतरी तरंगत आहे, मला दिसतं. मी मात्र त्या चमच्याचा विचार करत राहते. घरात तिनं असं कधीच काही वाजवलं नव्हतं. कशाला वाजवील? तिला मला कधी बोलवावंच लागलं नाही. मी सतत तिच्याकडेच तर पाहत होते.

काल दुपारी मी बटाटे सोलायला घेतले. आपा बाजारात गेल्या होत्या. मीरिमला रिळं देऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसवलं, आणि मी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. पाठीवर मुंग्या चालत होत्या. हातातल्या बटाट्यावर सुरी कुठे चालली आहे ते कळत नव्हतं. खिडकीबाहेर म्हातारी उडत होती. मागून काहीच आवाज येईना, रिळांचाही नाही, आणि डोक्यात सगळं येऊन गेलं, करडे ओठ, ते मिटत जाणारं भोक. मान वळत होती. मी ती जोरानं धरून ठेवली. एक बटाटा झाला. मी दुसरा घेतला. तेवढ्यात मागे ठक असा आवाज झाला. लाकडाचा, फरशीवर. मग पुन्हा, जरा चिडून, ठक. मी सुरी टाकून वळले. मीरिमला काही झालं नव्हतं. एक रीळ घरंगळत कपाटाखाली गेलं होतं, आणि ती हातातलं दुसरं रीळ फरशीवर आपटत, बोट दाखवून, ते मला काढून मागत होती.